चौथी गोष्ट

"आता काय दिसतंय?" कुमुदआत्यानं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं.

"जिना. लाकडी, जुना. वर कुणी नाहीये."

"मग आवाज कसला येतोय?"

"तेच कळत नाहीये."

"पायांचा आहे. अनवाणी पायांचा. आणि बाई आहे," आत्या म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या माणसानं मान वळवून आमच्याकडे रागानं बघितलं. मी हातानंच त्याची माफी मागितली. कोल्हापुरात दुपारी बाराचा खेळ, सोमवार, थिएटरात जेमतेम तीस माणसं. फेब्रुवारी महिना होता, साल दोन हजार चार. आत्याला जवळजवळ काही दिसत नव्हतं. काचबिंदूनं पाच वर्षांत तिची नजर खाऊन टाकली होती. उजेड आणि सावली, एवढंच उरलं होतं. पण भुताच्या सिनेमांचं वेड काही गेलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी डोळे दाखवायला ती कराडहून माझ्याकडे यायची. डॉक्टरांचं काम उरकलं की म्हणायची, "शैले, गावात एखादं भूत लागलंय का बघ." मग मी तिला घेऊन जायची आणि पडद्यावरचं सगळं कुजबुजत सांगायची.

हा सिनेमा सहा वेगवेगळ्या गोष्टींचा होता. प्रत्येक गोष्ट वीस-पंचवीस मिनिटांची, नट वेगळे, भुतं वेगळी. पहिली लिफ्टमधली, दुसरी फोटो स्टुडिओतली, तिसरी वऱ्हाडाच्या बसमधली. तिन्हींना आत्या हसली होती. वऱ्हाडाच्या बसला तर इतकी हसली की मागच्या पोरींची भीतीच मोडली. "भुतं बिचारी करतात काय, नुसती दारं वाजवतात," असं तिचं मत होतं. ती कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. माणसाचा नुसता श्वास ऐकून, आता हा खोटं बोलणार, हे तिला कळायचं म्हणे.

मध्यंतरानंतर ही चौथी गोष्ट सुरू झाली होती. एक आंधळी म्हातारी, मोठा बंगला. नवरा वारलेला. घरातल्या वस्तू जागा बदलायला लागतात. आज खुर्ची वीतभर सरकलेली, उद्या पाण्याचा तांब्या दुसऱ्याच कोपऱ्यात. म्हातारीला वाटतं, नवराच परत आलाय. ती त्याच्याशी बोलायला लागते.

मी सांगत होते आणि आत्या हसत नव्हती. तिनं माझं मनगट धरलं होतं. आधी सहज, मग घट्ट.

"आता?"

"आता ती चालतेय. भिंतीला हात लावून. पुढं स्टूल आहे, तिला ठाऊक नाही."

"कुणी ठेवलं?"

"कामवालीनं. दाराआड उभी राहून बघतेय."

म्हातारी पडली. थिएटरात कुणीतरी किंचाळलं. आत्यानं माझं मनगट सोडलं आणि म्हणाली, "चल, बाहेर जाऊ."

"अजून दोन गोष्टी आहेत."

"असू देत."

महिन्यापूर्वी आत्या स्वतःच्या घरात पडली होती. डाव्या मनगटाचं प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं. मला तोवर एवढंच माहीत होतं की ती टीपॉयला अडखळली. बाहेर कँटीनच्या बाकावर बसून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, तिनं मला बाकीचं सांगितलं.

"आमच्या घरातपण वस्तू हलतात, शैला. दिवाळीपासून. कंगवा सापडत नाही, मग बागेतल्या कट्ट्यावर मिळतो. डोळ्यांत घालायचं औषध एकदा चपलांच्या कपाटात निघालं. टीपॉय तर तीनदा. पहिल्या दोन वेळा गुडघ्यावर निभावलं."

"तूच विसरत असशील."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून कुणाला बोलले नाही. म्हातारी आंधळी होती, आता वेडी झाली म्हणतील. पण टीपॉय मी कशाला उचलू? मला तो उचलवतो तरी का?"

"काकांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, मी लक्ष ठेवतो."

"घरात आणखी कोण असतं?"

"कोण असणार? हे, आणि दिवसभर हौसा." तिनं चहावर फुंकर मारली. मग विचारलं, "त्या सिनेमात शेवटी कामवालीच निघते का गं?"

"तसंच दाखवत होते."

"चार वर्षं आहे माझ्याकडे," आत्या म्हणाली. "तिच्याबद्दल असं काही मनात आणणं बरं नव्हे."

तिनं मनात आणलं नाही. मी आणलं.

मी शाळेत चार दिवसांची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी आत्याला पोचवायला म्हणून कराडला गेले. आत्याला मूलबाळ नाही. तिच्या आधीच्या फेऱ्यांना यशवंतकाका स्वतः तिला एसटीनं घेऊन यायचे, या वेळी गुडघे दुखतात म्हणून आले नव्हते. हौसाबाईनं तिला एसटीत बसवून दिलं होतं आणि मी स्टँडवर उतरवून घेतलं होतं.

काका भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. सातारा जिल्ह्यात अशी शिवारं थोडीच असतील जिथं त्यांनी मोजणीची साखळी ओढली नव्हती. आत्याची नजर जायला लागली तेव्हा त्यांनी रडारड केली नाही. टेप काढला आणि घराची मोजणी केली. पलंगापासून दार सात पावलं. दारापासून मोरी डावीकडं चार. देवघर उजवीकडं पाच, मध्ये एक पायरी उतार. प्रत्येक वस्तूची जागा ठरवून दिली आणि ती कधी बदलू दिली नाही. आत्या त्या मापावर इतकी सफाईनं चालायची की नव्या माणसाला तिला दिसत नाही हे कळायचंही नाही. अशा घरात टीपॉय दीड फूट सरकणं म्हणजे काय, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा काका पायरीवर उभे होते. पांढरा सदरा, विंचरलेले केस. "ये गं," म्हणाले. "प्रवास बरा झाला?" हौसाबाईनं पुढं होऊन आत्याचा हात धरला, पिशवी घेतली. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. सैदापूरहून रोज चालत यायची.

"ताई, किती दिस हाय तुमी?" तिनं मला पाणी देता देता विचारलं.

"का?"

"न्हाई, सहजच. ऱ्हावा चार दिस."

मला ते सहज वाटलं नाही. मी कधी जाते याचा ती अंदाज घेतेय, असं वाटलं.

त्या दुपारपासून मी तिच्यावर नजर ठेवली. पुस्तक पुढ्यात घेऊन बसायची आणि डोळे तिच्यामागं. ती एका जागी थांबत नसे. काका जिथं जातील तिथं दोन मिनिटांनी हिचं काहीतरी काम निघे. ते बागेत गेले की ही धुणं वाळत घालायला. ते बैठकीत आले की ही केरसुणी घेऊन. तो केर सकाळीच काढलेला असायचा. मला वाटलं, घरात कोण कुठं आहे याची खबर ठेवतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या झोपली होती. मी पाणी प्यायला उठले आणि बैठकीच्या दारात थबकले. हौसाबाई टीपॉय सरकवत होती. ओढून नव्हे. दोन्ही हातांनी उचलून, आवाज होऊ न देता. मग तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला, त्यातून डोळ्यांच्या औषधाची बाटली काढली आणि फळीवर ठेवली. वळली तेव्हा मी समोर.

"काय करताय?"

"काय न्हाई. पुसत हुते."

"आणि ते औषध?"

"खाली पडल्यालं." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिच्या हातात फडकंही नव्हतं.

संध्याकाळी ती गेल्यावर मी काकांना बागेत गाठलं. त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग उठून आत गेले आणि एक लांबट वही घेऊन आले. मोजणीच्या वेळी वापरतात तसली फील्डबुक.

"मी काय गप्प बसलोय असं वाटलं तुला?" ते म्हणाले. "वाच."

त्यांचं अक्षर ठाशीव, एकेक आकडा कोरल्यासारखा. 'टीपॉय भिंतीपासून एक फूट चार इंच. असावा अडीच फूट.' 'औषध फळीवर नाही. शोध घेता चपलांचे कपाट.' 'किल्ल्यांचा दुसरा जुडगा जागेवर नाही.' 'मनगटी घड्याळ नाही.' प्रत्येक नोंदीपुढं तारीख, वेळ. एकोणीस जानेवारीची नोंद लागोपाठ तीनदा होती, शब्दाशब्दानं तीच. मला वाटलं, माणूस चिडून गिरवत बसला असेल.

"तुमचा कुणावर संशय आहे?"

"तुझा ज्याच्यावर आहे त्याच्यावरच," काका म्हणाले. "पण कुमुदला कोण सांगणार? तिचा त्या बाईवर जीव आहे."

"काय हवंय तरी काय तिला?"

"ते तिलाच विचारायला हवं."

काका मोजून मापून बोलणारा माणूस. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर माझ्या मनात काही शंका उरली नाही. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटत होता. सिनेमा अर्धा सोडून आले आणि गुन्हेगार पकडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. मी आत्याला बैठकीत आणून बसवलं. काका त्यांच्या खुर्चीत होते.

"हौसाबाई, जरा इकडं या. पिशवी घेऊन या."

तिला कळलं. तिचा चेहरा एकदम उतरला असं नाही, पण ती काकांकडं बघायला लागली. मी म्हटलं, "तिकडं नका बघू. पिशवी रिकामी करा."

"ताई, राहू द्या."

"करा म्हणते ना."

तिनं केली नाही. मग मीच पिशवी घेतली आणि टीपॉयवर उलटी केली. भाकरीचं फडकं, तंबाखूची डबी, एक्स्चेंजच्या निरोप समारंभात आत्याला मिळालेला चांदीचा करंडा, किल्ल्यांचा जुडगा. आणि काकांचं घड्याळ.

मी प्रत्येक वस्तूचं नाव घेऊन आत्याला सांगितलं. थिएटरात पडद्यावरचं सांगत होते, तसंच.

"बघ," काका म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

हौसाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत काय होतं ते मी तेव्हा निर्लज्जपणा समजले.

"काही बोलायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"काय बोलू? मी चोरी केली न्हाई. एवडंच बोलते."

"मग हे पिशवीत कसं आलं?"

तिनं ओठ मिटून घेतले. आत्या तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसली होती, मान किंचित तिरकी, जुन्या दिवसांत हेडफोन लावून बसायची तशी. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. ती काही म्हणाली नाही.

"उद्यापासून येऊ नका," मी म्हटलं.

"बरं." तिनं भाकरीचं फडकं आणि डबी उचलली, बाकीचं तिथंच ठेवलं. आत्याजवळ जाऊन वाकली. "बाई, मागच्या दाराला आतनं कडी लावत जावा. इसरू नगा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन ताई, तुमी लगीच जाऊ नगासा."

ती गेल्यावर मी टीपॉय पुसून घेतला आणि टेपनं मोजून अडीच फुटांवर ठेवला. आत्या बराच वेळ तशीच बसून होती.

"वाईट वाटतंय का तुला?" मी विचारलं.

"मला जरा पडू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मला शनिवारी सकाळी शाळेत हजर व्हायचं होतं. दुपारच्या गाडीनं निघायचं म्हणून मी पोळ्या करून ठेवल्या, शेजारच्या बाईंना नवी कामवाली बघायला सांगितलं. आत्या न्हाणीघरात होती. अकरा वाजले असतील. बैठकीतून लाकूड टेकवल्याचा हलका आवाज आला.

मी पोळपाट तसाच टाकून बाहेर आले. यशवंतकाका टीपॉय उचलून चालले होते. दोन्ही हातांनी, छातीशी धरून, पावलं मोजत. पलंग आणि न्हाणीच्या मधल्या वाटेत त्यांनी तो नीट टेकवला. कोन बघितला. थोडा डावीकडं केला. मग खिशातून टेप काढून एक टोक भिंतीला लावलं आणि दुसरं घेऊन मागं सरकायला लागले.

"काका, काय करताय?"

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर चोरून काही करताना पकडल्याची खूण नव्हती. कामात असलेल्या माणसाचा चेहरा होता तो, जरा घाईत असलेला.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "ते टोक धरा, पाटील. हद्दीचा दगड कुणीतरी हलवलाय. ऊन चढायच्या आत उरकू."

माझ्या मागं बघून ते बोलत असतील म्हणून मी वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"काका, मी शैला."

"धरा की," ते म्हणाले, थोडे त्रासून.

मी खाली वाकले आणि टेपचं टोक धरलं. मला दुसरं काही सुचलं नाही. एवढ्या भुतांचे सिनेमे बघितले, पण भीती म्हणजे काय ते मला त्या सकाळी अकरा वाजता, लख्ख उजेडात कळलं.

न्हाणीचं दार उघडलं. आत्या बाहेर आली, ओले केस पंच्यात बांधलेले. तिनं पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. टीपॉय तिसऱ्या पावलाला होता. मी टेप सोडून धावले आणि तिला दंडाला धरून थांबवलं.

"काय झालं?"

मी तिचा हात टीपॉयच्या कडेवर ठेवला.

"कुणाशी बोलत होते हे?" तिनं विचारलं.

काकांनीच उत्तर दिलं. "तळबीडचे पाटील आलेत. मोजणीला."

आत्या माझ्या हातात उभी होती. तिच्या दंडाची शीर माझ्या अंगठ्याखाली उडत होती. मी तिच्याकडं बघितलं तर ती रडत नव्हती, दचकली नव्हती. तिनं फक्त केसांचा पंचा सारखा केला.

"अहो, मग उभे काय राहिलात?" ती रोजच्या आवाजात म्हणाली. "पाटलांना चहा विचारलात का?"

"राहिलंच की," काका म्हणाले. टेप गुंडाळून त्यांनी खिशात घातला आणि खुर्चीत जाऊन बसले. पाच मिनिटांनी मी चहा नेला तेव्हा त्यांनी मला नावानं हाक मारली आणि विचारलं, "तुझी गाडी किती वाजताची गं?"

मी गाडी सोडली. दुपारी विचारत विचारत सैदापूरला हौसाबाईच्या घरी गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं मला बसायला पाट दिला नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं, काय बघितलं ते.

"आज टीपॉय व्हय?" ती म्हणाली. "पडल्या न्हाईत ना बाई?"

"नाही."

"मग झालं."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"दिवाळीच्या आदुगर. मंडईत गेले हुते, तर सायेब एसटी स्टँडावर हुबे. घर कुटं हाय ते ठावं न्हाई. मला वळखलं, मग हाताला धरून आनलं. वाटंत सुदीवर आलं. मला म्हनलं, हौसा, हिला कळू देऊ नगंस. ती माझ्या मापावर चालती." शेंगा फोडायचा तिचा हात थांबला नव्हता. "मी व्हय म्हनलं."

"आणि ते घड्याळ? किल्ल्या?"

"घड्याळ त्येनी भाजीवालीला देऊन टाकल्यालं, ते मी मागून आनलं. घरात ठिवलं की परत देत्यात. करंडा इहिरीच्या काठावर घावला. किल्ल्या म्हंजे, एकदा बाईस्नी आत कोंडून भायेरनं कुलूप लावून निगाले हुते. तवापासनं जुडगा माझ्याकडं. एकेक करून पुन्ना जागंवर ठेवायचं. ते हलवायचे, मी ठेवायची. जानेवारीत माझी नात आजारी पडली, दोन दिस आले न्हाई. तवाच बाई पडल्या."

"मग काल बोलला का नाहीत? मी सगळ्यांसमोर..."

"सायेब बसल्यालं समोर. त्येंच्यादेखत कसं बोलू?"

मी तिची माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही. बहुतेक नीट मागता आली नसणार. ती म्हणाली, "बाईंनी बोलावलं तर येते. तुमच्या बोलावन्यावर न्हाई येनार."

संध्याकाळी आत्याला रिक्षात घालून घेऊन गेले. त्या दोघी घरात बसून काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. मी रिक्षापाशी थांबले होते. अर्ध्या तासानं हौसाबाईच तिला हात धरून बाहेर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली. मी दार उघडलं. तिनं चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच पिशवी उघडून फरशीवर उलटी केली. भाकरीचं फडकं पडलं, तंबाखूची डबी खणखणत लांब गेली.

"बघून घ्या, ताई," ती हळू म्हणाली.

आतून आत्यानं विचारलं, "काय पडलं गं?"

"काय न्हाई बाई," हौसाबाई माझ्याकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "ताईंच्या हातनं डबा सुटला."

काका पुढं तीन वर्षं होते. शेवटच्या वर्षी ते आत्यालाही ओळखत नव्हते, पण तिचा हात धरून तिला पलंगापासून दारापर्यंत न्यायचे आणि सात पावलं मोजायचे. डॉक्टर, औषधं, सगळं झालं. पण घर सांभाळलं ते हौसाबाईनं. मी सुट्टीत जायची. माझ्याशी ती लागेल तेवढंच बोलायची, आणि मलाही त्याहून जास्त मागायचा हक्क नव्हता.

काकांचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी आम्ही दोघीच मागच्या पायरीवर बसलो होतो. मी आत्याला म्हटलं, "मला अजून त्या दिवसाची लाज वाटते. तू म्हणाली होतीस, तिच्याबद्दल असं मनात आणू नये. मी ऐकलं नाही."



"शैला, पंचेचाळीस वर्षं मी त्यांची पावलं ऐकली," ती म्हणाली. "टीपॉय कोण उचलून नेतंय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी पलंगावर जागी होते."



"मग तू थिएटरातून उठून मला ते सगळं..."

"त्या गोष्टीत कामवाली निघाली ना. मला वाटलं, असंही असू शकतं. मला चुकून तसं ऐकू आलं असेल. तू हुशार आहेस, तू जाऊन बघशील आणि सांगशील, हौसाच आहे म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते असण्यापेक्षा ती असलेली मला चालली असती. त्या दिवशी ती म्हणाली, मी चोरी केली नाही. आवाजात तसूभर खोट नव्हती. मी ऐकलं. आणि गप्प बसले."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. हौसाबाई घासत होती.

"तिला ठाऊक आहे हे?" मी विचारलं.

"सैदापूरला गेलो होतो ना रिक्षानं, तेव्हाच सांगितलं. पाय धरायला वाकले तर तिनं धरू दिले नाहीत."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाई, तुमी तवा बोलला न्हाईसा, तवाच मला कळलं, तुमास्नी समदं ठावं हाय. म्हनून तर मी बी बोलले न्हाई."